भाऊसाहेबांचं ॲव्हरेज

भाऊसाहेब निकमांना दुसऱ्याच्या हातातला चहा आपल्यापेक्षा गरम वाटायचा. हे मी गमतीनं म्हणत नाही. वाळूजला आमच्या कारखान्यासमोर टपरी होती. तिथं आम्ही दोघं उभे असलो की ते आधी माझ्या कपाकडं बघायचे, मग स्वतःच्या, आणि म्हणायचे, "खरात, तुझा दे इकडं." एकाच किटलीतून ओतलेला चहा. मी मुकाट्यानं कप बदलून द्यायचो. एक घोट घेऊन ते परत माझ्याकडं बघायचे. तोवर गेलेला कप जास्त गरम वाटायला लागलेला असायचा.

उंच, काटक माणूस. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशात दोन पेन. त्यातलं एक चालायचं नाही, पण पंडितरावांच्या खिशात दोन असायचे म्हणून यांच्याही खिशात दोन. पंडितराव म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या जमिनी लागून, एका बांधाच्या अल्याड-पल्याड. एमआयडीसी आली तेव्हा दोघांचीही जमीन गेली, दोघांनाही पैसा मिळाला. पंडितरावांनी त्या पैशात स्कूटरचे सुटे भाग करणारा कारखाना टाकला. सहा महिन्यांच्या आत भाऊसाहेबांनी शेजारचाच प्लॉट घेतला आणि तेच भाग करायला सुरुवात केली. पंडितरावांनी फाटक निळं रंगवलं तर यांचं जास्त निळं. पंडितरावांच्या मुलाचं लग्न ज्या कार्यालयात झालं तिथंच यांच्या मुलीचं झालं, आणि जेवणात एक गोड पदार्थ जास्त होता.

मी तिथं क्वालिटीला होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलेलो. माझं गाव सोयगावकडं, आणि आमच्याकडं जमीन कधीच नव्हती. वाळूजच्या जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा गावोगाव लोक एकमेकांवर जळत होते. मला तर कुणावर जळायला सुरुवात करावी तेच कळत नव्हतं. बहुतेक म्हणूनच भाऊसाहेबांचं माझ्याशी जमलं. त्यांच्या शर्यतीत मी नव्हतो.

गाडीही अर्थात आधी पंडितरावांनीच आणली. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीनं विकायला काढलेली जर्मन गाडी. काळी, लांबलचक, सहा सिलिंडरची, आतून चामड्याची. पायाचा अंगठा नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. त्या काळात औरंगाबादेत अशा गाड्या फार नव्हत्या. ती वाळूजच्या रस्त्यावरून गेली की मशीनवरची पोरं जाळीशी यायची. भाऊसाहेब आठवडाभर जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. मग एके दिवशी मुंबईला गेले आणि तीच, अगदी तीच गाडी घेऊन आले. फक्त यांचं इंजिन थोडं मोठं होतं. तेवढ्याच कारणानं ती घेतली होती आणि तेवढंच कारण त्यांना पुढं नडलं.

कारण आपल्याकडं गाडी विमानासारखी असली तरी माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. गाडी फाटकात उभी राहिली, नारळ फुटला, आणि आमच्या टपरीवाल्यानं बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "भाऊसाहेब, ॲव्हरेज किती देती?"

भाऊसाहेबांनी तोपर्यंत तो विचारच केला नव्हता. "देती की चांगलं," एवढंच म्हणाले. दुपारी निरोप आला की शेजारी पंडितरावांनी याच प्रश्नाला 'नऊ' असं उत्तर दिलंय. भाऊसाहेबांनी मला बोलावलं.

"खरात, आपली किती देती ते काढ."

मी काढलं. पंपावर नेऊन टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी हलवून हलवून आतली हवा काढली, परत भरली. दौलताबादपर्यंत जाऊन आलो आणि परत भरली. उत्तर पाच आलं. भाऊसाहेबांनी ते कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली आणि स्वतः मात्र टपरीवर जाऊन 'आठ' सांगून आले. नऊ म्हणायचं धाडस झालं नाही. आणि आठ सांगितल्याचं दुःख त्यांना पाचच्या दुःखापेक्षा जास्त झालं, कारण आठ म्हणजे पंडितपेक्षा एक कमी, आणि तेही स्वतःच्या तोंडानं.

मग गाडीचे हाल सुरू झाले. शहागंजात हुसेनभाई म्हणून मिस्त्री होते. त्यांनी प्लग काढले, बसवले, सगळं तपासलं आणि हात पुसत म्हणाले, "साब, गाडी में कुछ खराबी नै. ये पेट्रोल पीती नै, पेट्रोल से नहाती है." भाऊसाहेबांनी त्या दिवसापासून हुसेनभाईंकडं जाणं बंद केलं. डिकीतलं जास्तीचं चाक काढून घरी ठेवलं, वजन कमी व्हावं म्हणून. पायाखालचे जाड गालिचे काढले. त्यांचे मेहुणे वजनानं जरा जास्त होते, त्यांना बसवून न्यायचं टाळू लागले.

एसी लावला की पेट्रोल जास्त लागतं हे मीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून एसी बंद. पण काचा खाली करायला ते तयार नव्हते, कारण पंडित एसी लावून काचा बंद करून फिरायचा. भर मे महिन्यात आम्ही दोघं त्या काळ्या गाडीत काचा बंद करून, एसी बंद करून वेरूळच्या रस्त्यानं जायचो. घाम कपाळावरून डोळ्यांत यायचा. समोरून ओळखीचं कुणी आलं की भाऊसाहेब रुमाल लपवून, गारव्यात बसल्यासारखा चेहरा करून हात वर करायचे. माणूस मागं गेला की म्हणायचे, "खरात, खिडकी जरा बोटभर उघड. बोटभरच."

एकदा तर जीवच जायचा. वेरूळहून परतताना दौलताबादच्या घाटाचा उतार लागला. भाऊसाहेब म्हणाले, "उताराला इंजिन कशाला पाहिजे? आपल्या जुन्या जीपला आपण असंच करायचो," आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद. त्या गाडीचं स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही इंजिनच्या जोरावर हलके चालायचे. इंजिन गेल्याबरोबर स्टेअरिंग दगडासारखं झालं, आणि दोनदा दाबल्यावर ब्रेकही तसाच. घाटातली ती जुनी कमान समोर येत होती आणि तिच्यातून एक उसाची बैलगाडी बाहेर निघत होती. मी ओरडलो, "चावी! चावी फिरवा!" त्यांनी फिरवली. इंजिन खाकरलं, ब्रेक लागला. गाडी बैलाच्या तोंडासमोर थांबली. बैलानं आमच्या काचेवर एक लांब श्वास टाकला.

भाऊसाहेबांनी आधी पेट्रोलचा काटा पाहिला. मग म्हणाले, "आज मेलो असतो, तर पंडितनं तेराव्याला पोटभर जेवून लोकांना सांगितलं असतं, पेट्रोल वाचवताना गेला म्हणून."

त्यांना मरणाची नव्हे, पंडितच्या त्या वाक्याची भीती वाटली होती.

हे सगळं चालू होतं ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. ठराव होऊन वर्षं उलटली होती आणि नाव मात्र बदललं नव्हतं. माझं अख्खं तरुणपण त्या मागणीत गेलं. मोर्चे, धरणी, अटक, सुटका. पहिल्यांदा जाळपोळ झाली तेव्हा आमच्या गावातलं आमचं घरही जळालं होतं आणि माझा काका त्यानंतर फार जगला नाही. भाऊसाहेबांना हे माहीत होतं. त्यांचं मतही मला माहीत होतं. ते विरोधातले होते. "मराठवाड्याचं नाव हाये ते. त्याला कशाला हात लावायचा?" असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे. मी माझं म्हणणं त्यांच्या तोंडावर सांगायचो. मग दोघंही मापं तपासायला लागायचो. नोकरी होती.

घोषणा होणार, आज होणार, उद्या होणार, अशी हूल त्या वर्षांत सारखी उठायची. अशाच एका उन्हाळ्यात हूल उठली आणि एकाएकी सगळं बंद झालं. एसटी डेपोत उभ्या राहिल्या. पंप बंद. गावात आई आणि बहीण दोघीच होत्या. बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना, डॉक्टरनं जपायला सांगितलेलं. मेहुणे नगरकडं ऊसतोडीचे मुकादम होते, ते अडकलेले. गावातून एकानं फोन करून एवढंच सांगितलं, "वस्तीतली मानसं रानात निजाया चाललीत. तुझ्या बहिनीला चालवत नाय."

मी मशीन बंद करून फाटकाकडं निघालो. सायकलनं जाणार होतो की पायी, मलाच माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी अडवलं.

"कुठं?"

मी सांगितलं.

त्यांनी एकदा शेजारच्या फाटकाकडं पाहिलं. आदल्याच महिन्यात पंडितरावांनी आपल्या एका कामगाराच्या बायकोला काळ्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं होतं आणि साऱ्या वाळूजमध्ये त्याची चर्चा होती. भाऊसाहेबांच्या मनात तेही आलं असणार. मी त्यांना ओळखून होतो. पण माणूस कशामुळं उठतो याची चौकशी करत बसायला मला त्या दिवशी वेळ नव्हता.

"बस गाडीत," ते म्हणाले.

काटा अर्ध्याच्या खाली होता. पंप सगळे बंद. पाचच्या हिशेबानं आम्ही जाऊ शकलो असतो, परत येऊ शकलो नसतो. मी तसं सांगितलं.

"मग पाचानं चालवायची नाय," ते म्हणाले.

आणि त्या दिवशी मी भाऊसाहेबांना पहिल्यांदा गाडी चालवताना पाहिलं. एरवी ते ती पंडितला दाखवायला चालवायचे. आज रस्ता लांबवर बघून चालवत होते. चढ यायच्या आधी हळूच वेग घ्यायचे, वळणाआधी पाय उचलायचे. ब्रेकला जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावत नव्हते. अशा गाडीला, जिला पळायचाच हव्यास, तिला ते म्हातारीला हात धरून नेल्यासारखं नेत होते. काचा पूर्ण उघड्या होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

अर्धं अंतर कापल्यावर बाभळीची फांदी आडवी टाकलेली दिसली. पाच-सहा जण, हातात काठ्या. एक पुढं आला, खिडकीत वाकला.

"आडनाव?"

"निकम," भाऊसाहेब म्हणाले. "वाळूजचा."

"आन् ह्ये?"

"खरात," मी म्हणालो.

"कुठलं खरात?"

या प्रश्नाचा अर्थ मला लहानपणापासून समजतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊसाहेब एकदम चिडले. खरोखरच चिडले, ते नाटक नव्हतं.

"कुठला का असंना! माझा इंजिनेर हाये. ह्याच्याबिगर माझ्या कारखान्यात एक माप जुळत नाय. देवानं डोकं ह्याला दिलं आन् मला नुसती जमीन. त्याचाच राग येतो मला सकाळ-संध्याकाळ. आता तुमी बी ह्यालाच इचारा. मला इचारणारं कोन नायच!"

तो माणूस गोंधळला. तोपर्यंत एक जवान पोरगा काठी बगलेत धरून गाडीभोवती फिरत होता. त्यानं बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती ओ?"

भाऊसाहेब त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाच."

"पाच? फक्त?"

"कधी साडेचार."

"मंग घेतली कशाला?"

"चुलत्याच्या पोरानं घेतली म्हनून."

खिडकीतला माणूस हसला. मग सगळेच हसले. "आमच्या बी बांधाला हाये असा एक," तो म्हणाला आणि पोरांना फांदी ओढायला सांगितली.

बरंच पुढं गेल्यावर भाऊसाहेब बोलले. "खरात, मी पाच सांगितलं."

"हो."

"वाळूजला बोलू नको."

मला हसू आलं नाही. सदरा पाठीला चिकटला होता. एका गाडीच्या ॲव्हरेजवर माझी सुटका झाली होती आणि याचा आनंद मानायचा की संताप, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

गावात आई दारात बसलेली होती. बहीण आत. वस्ती रिकामी. मी आईला उठवलं, बहिणीला धरून गाडीत बसवलं. आई त्या चामड्याच्या सीटच्या अगदी कडेवर टेकली, पाठ न टेकता.

"टेका की बाई," भाऊसाहेब म्हणाले. "शिट काय फाटत नाय."

"मळंल वं."

"मळू द्या. धुवायला लई मानसं हायेत माझ्याकडं."

परतीला आम्ही दुसरा, आडवा रस्ता धरला. तो लांबचा होता. ऊन चढलेलं. धुळीनं बहिणीला खोकला लागला, मग घाम सुटला, मग ती डोळे मिटून आईच्या खांद्यावर पडली. ओठ पांढरे पडले होते. भाऊसाहेबांनी आरशात पाहिलं. काट्याकडं पाहिलं. मग चारी काचा वर केल्या आणि एसी लावला.

"साहेब," मी म्हणालो, "पुरणार नाही."

"मला समजतंय."

गार हवा मागं गेली. थोड्या वेळानं बहिणीनं डोळे उघडले आणि आई म्हणाली, "लई गार हाये बाई ह्ये." तिनं पहिल्यांदा पाठ टेकली.

फुलंब्रीच्या पुढं, चौक्याच्या घाटाआधी, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. दिवस कलायला लागला होता. रस्त्यालगत एक पोल्ट्री होती. तिथं फोन होता. शहरात निकमांना ओळखणारी शंभर माणसं होती, पण त्या दिवशी घरात पेट्रोल राखून ठेवलेला आणि बोलावल्यावर रस्त्यावर यायची हिंमत असलेला माणूस एकच होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्याचं नाव काढलं नाही.

भाऊसाहेब पोल्ट्रीच्या दारात उभे राहिले. आत गेले. बाहेर आले. रुमालानं तोंड पुसलं. गाडीत बसलेल्या माझ्या बहिणीकडं बघितलं आणि परत आत गेले. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"पंडित, मी बोलतोय. गाडी बंद पडली... नाय, बिघाड नाय. पेट्रोल संपलं." मग बराच वेळ काही नाही. मग, "व्हय. बायामानसं हायेत. ये."

पंडितराव जीप घेऊन आले. बुटके, गोल, घामाघूम झालेले. सोबत कॅन. त्यांनी गाडीत वाकून आईला नमस्कार केला, बहिणीला विचारलं, पाणी दिलं. स्वतःच्या हातानं पेट्रोल ओतलं. ॲव्हरेजचा विषय काढला नाही. 'किती देती' नाही, 'आठ म्हणत होतास' नाही. एक शब्द नाही. घाट संपेपर्यंत जीप आमच्या मागं ठेवली आणि शहराच्या तोंडाशी हात हलवून वळले.

भाऊसाहेबांचा चेहरा काळा पडला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक शब्द बोलला नाय, बघितलंस? बोलला असता तर बरं झालं असतं. आता चांगुलपणात बी पुढं गेला."

बहिणीला मुलगी झाली. आई माझ्याकडंच राहिली. भाऊसाहेबांनी गाडी पुढं विकून टाकली, पण ती पंडितरावांनी विकल्यानंतरच.

नामांतराची घोषणा अखेर झाली ती थंडीत. मी पेढे घेऊन कारखान्यात गेलो. काहींनी घेतले, काहींनी मशीनमध्ये डोकं घातलं. भाऊसाहेबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून बसले.

"खरात, खरं सांगू का? तुम्हा लोकांचा मला हेवा वाटतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाचा?"

"इतकी वर्षं एकच पाहिजे होतं तुम्हाला. सगळ्यांना मिळून. मला बघ. पंडितला मिळालं की मग मला पाहिजे. माझं असं मला काय पाहिजे, ते आजवर कळलंच नाय."

मी म्हणालो, "साहेब, हेवा करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमचं घर जळालं. माझा काका गेला."

ते पेढ्याकडं बघत राहिले. "ते बी खरं हाये," म्हणाले. आणि पेढा तोंडात टाकला.

पुढं मी चिकलठाण्याला दुसरी नोकरी धरली. भाऊसाहेबांची गाठ क्वचित पडायची. शेवटचं पाहिलं ते पंडितराव गेले त्या दिवशी. झोपेतच गेले. स्मशानात पाय ठेवायला जागा नव्हती. कारखानदार होते, कामगार होते, वाळूजकडची निम्मी गावं होती. भाऊसाहेब एका लिंबाखाली एकटेच उभे होते. मी जवळ गेलो.

"किती मानसं आली बघ," ते म्हणाले. "माझ्या वेळेला येतील का रं एवढी?"

"येतील की."

"खोटं नको बोलू."

माणसं पांगल्यावर ते चालतच निघाले. मी सोबत गेलो. दोन्ही कारखाने शेजारी-शेजारी. पंडितरावांचं फाटक दुखवट्यानं बंद होतं. भाऊसाहेबांचा कारखाना मात्र चालू होता. त्यांच्या मुलाकडं आता कारभार होता आणि ऑर्डरी होत्या. आम्ही पोचलो आणि नेमका पाळी बदलायचा भोंगा सुरू झाला.

"बंद कर त्यो!" भाऊसाहेब वॉचमनवर ओरडले.

"साहेब, पाळी सुटायचीय..."

"बंद म्हणलं ना! सगळं बंद कर. मशिनी बी."

भोंगा मध्येच तुटला. मग एकेक मशीन थांबत गेलं, शेवटची प्रेसही. पोरं दाराशी येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना काहीच वाजत नव्हतं. भाऊसाहेबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पंडितरावांच्या बंद फाटकाकडं तोंड करून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एक ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात उचलला, त्यांच्याकडं पाहिलं, आणि इंजिन बंद करून थांबला.